पलंगाला लावलेलं पायडल

वना सायकलवाल्याचे पाय उभ्या जन्मात कधी स्वस्थ बसले नव्हते. शिंदखेड्यात स्टँडाजवळ त्याचं दुकान. पंक्चर काढतानाही एक पाय ताल धरून हलायचा. शहाण्णव साली दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि तेच पाय त्याच्या जिवावर उठले. आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस. चार तास सुई टोचलेला हात हलवायचा नाही आणि इकडे पिंडऱ्यांत मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. घरीही तेच. डोळा लागतो न लागतो तोच पाय झटका द्यायचा, की हा उठून अंगणात फेऱ्या घालायचा.

दिवसा मग तो दुकानात पेंगायचा. एकदा चाकाचे नट न आवळताच त्याने सायकल गिऱ्हाइकाच्या हाती दिली. बिचारा चौकात तोंडावर आपटला. त्या दिवशी वनाने स्वतःच दुकानाला कुलूप ठोकलं.

"डॉक्टरसाहेब, मना पाय मनं ऐकतस नहीं. झोपनी गोळी द्या."

"वाटेल ती गोळी तुम्हाला चालत नाही, वनाभाऊ. अंगात साचून राहील," डॉक्टर म्हणाले. "झोप आणणारं मेलाटोनिन शरीर स्वतःच तयार करतं. तुमच्यासारख्यांत ते कमी पडतं, असं मी वाचलंय. परदेशात त्याच्या गोळ्या मिळतात, पण इथे कुठून आणू? तिकडे काही ठिकाणी मात्र डायलिसिस चालू असतानाच पेशंटला पायडल मारायला लावतात. त्याने पाय शांत होतात म्हणे."

पायडल! हे तर घरचंच काम. आठ दिवसांत वनाने भंगारातल्या सायकलीचा मधला भाग कापला, पट्ट्या जोडल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी आवळता येईल असं यंत्र घेऊन तो हजर झाला.

सुनंदाबाई सिस्टर कडाडल्या, "सुई निसटली तर रक्ताचा पाट वाहील!" डॉक्टरांनी कशीबशी परवानगी दिली. पहिल्याच दिवशी वनाने यात्रेतल्या शर्यतीसारखं पायडल मारलं आणि दहा मिनिटांत त्याचं बीपी उतरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टरांनी यंत्र काढून भिंतीशी ठेवलं.

"हळू मारसू, अक्का. तुम्ही म्हनशात तसं," तो काकुळतीला आला.

पुढच्या वेळेपासून फक्त पहिल्या तासात, दहा मिनिटं, सिस्टर मनगट धरून उभ्या. दोन महिन्यांत दहाची पंचवीस झाली. शेजारच्या पलंगावरच्या चिंधा आबांनीही एक दिवस विचारलं, "मनासाठी एक बनावशी का?"

तळमळ काही साफ गेली नाही. काही रात्री अंगणातच सरायच्या.

पण पोळ्यानंतरच्या एका दुपारी धुळ्याहून एसटीने परतताना, नरडाण्याच्या अलीकडेच वनाची मान बायकोच्या, भागाबाईच्या खांद्यावर पडली. शिंदखेडा आलं. कंडक्टर त्याला हलवायला वाकला. भागाबाईने त्याचा हात अडवला.

"झोपू द्या त्यासले, भाऊ. आम्ही पुढे दोंडाइचाले उतरसूत."