आमटीतलं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, सलीललाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

न्युरेम्बर्गच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, सलीलने तंबू लावून दिव्याखाली गांजाची झाडं वाढवली होती. जर्मनीत कायद्याने चालतात तेवढीच. चोरून काही नव्हतं. माझी पाठ दुखायची, म्हणून मी खोबरेल तेलात त्याचं तेल करायचे — मंद आचेवर, खिडक्या सताड उघड्या टाकून. सासरे पुण्याहून राहायला आले तेव्हा त्या खोलीला कुलूप लागलं. तेलाची बाटली मात्र मसाल्यांच्या कपाटातच राहिली.

सासूबाई गेल्यापासून बाबांना झोप नव्हती. घरभर येरझाऱ्या, भांड्यांचे आवाज. मला सकाळी लवकर मीटिंग असायची. त्यांची काळजी होती का मला? थोडी. पण खरं सांगू — मला शांतता हवी होती. एका संध्याकाळी त्यांच्या वाटीतल्या आमटीत मी ते तेल घातलं.

"वास कसला गं?"

"ओव्याचा, बाबा."

त्या दिवशी ते गाढ झोपले. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं — जरा जास्तच. जेवून टीव्हीसमोर बसले होते, आणि हात थरथरायला लागले. सलीलला ओळखेनात. सासूबाईंना हाका मारत होते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस — आपण कुठल्या शहरात आहोत, विचारत होता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. जर्मन माझंच बरं, म्हणून दुभाषी मी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही नवीन औषध, वेगळं काही पोटात गेलंय का? बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना विचारलंच नाही. "नाइन," — नाही — मीच म्हणाले. सरळ, शांतपणे.

तपासण्यांत काही निघालं नाही. पण बाबांनी मनाशी धरलं — आपलं डोकं कामातून चाललं. पुण्याला परतल्यावर स्कूटर विकली, शिकवण्या बंद केल्या, आणि एकटं राहायची भीती वाटते म्हणून नाशिकला नणंदेकडे राहायला गेले. तेव्हा तरी सांगता आलं नसतं? आलं असतं. एक फोन पुरला असता. मी बाटली धुऊन काचेच्या कचऱ्यात टाकली — एवढंच केलं.

आता ते दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. कुणी काही विचारायच्या आत वार, तारीख, महिना म्हणून दाखवतात. मग थांबतात.

"बरोबर आहे ना गं, मेधा?"

"बरोबर आहे, बाबा," मी म्हणते.