मंडळीच्या नावापुढच्या फुल्या

जळालेली मोटार घेऊन कुणी दुकानात आलं, की आप्पा गायकवाड आधी मोटारीचा वास घ्यायचे आणि मग माणसाला विचारायचे, "दिसभर हातात काय असतं तुमच्या?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, मोटार का जळाली याचीच ही चौकशी चालली आहे. तळेगाव ढमढेऱ्यात नुकतीच खोली घेतली होती आणि घरमालकाची पाण्याची मोटार मी चौथ्याच दिवशी कोरडी चालवून जाळली होती. अपराधी माणूस गरजेपेक्षा जास्त खरं बोलतो. मी सांगून टाकलं, "मी पशुधन पर्यवेक्षक आहे. हातात कधी सिरिंज असते, कधी म्हशीची शेपटी." आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग तुम्हाला दुर्गा राग. अकरा मिन्टाचा. घरी जाऊन लशीची पेटी पुसायला घेतली की लावायचा. न्हाई आवडला तर परत आणा. मोटारीला सहा म्हयन्याची गॅरंटी हाय, गाण्याला जलमाची."

शास्त्रीय संगीत म्हटलं की मी तेव्हा वाट सोडून पळत असे. त्याला कारण होतं. कॉलेजात असताना एका जाणकार मित्रानं, सुरुवात चांगली व्हावी म्हणून, मला पुण्यात एका मोठ्या मैफलीला नेलं होतं. तिथं मी शेजारच्या बाईंच्या खांद्यावर गाढ झोपलो आणि त्या चहाला उठल्या तेव्हा सतरंजीवर आडवा झालो. आप्पांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "तुमची काय चूक न्हाई. नवी मोटार कुणी पैल्याच दिवशी फुल लोडवर टाकतं व्हय? जळणारच की." माझी बाजू घेणारा पहिला माणूस मला भेटला होता. त्या दिवशी मी मोटार भरायला टाकली आणि आप्पांनी गाणं भरून दिलेलं मेमरी कार्ड घेऊन घरी आलो. लशीची पेटी मी त्या संध्याकाळी दोनदा पुसली.

एसटी स्टँडमागं आप्पांचं दुकान होतं आणि दुकानामागंच दोन खोल्यांचं घर. दुकानात भिंतीला बुद्धाची तसबीर, खाली उघडी पडलेली मोटारींची आतडी, वार्निशचा वास, आणि कोपऱ्यात एक बारका स्पीकर. मोटार भरणं म्हणजे जळालेली तार काढून नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी घालणं. वेटोळी मोजूनच घालावी लागतात, एक कमी चालत नाही की एक जास्त चालत नाही. आप्पा मोठ्यानं मोजायचे. त्या मोजण्यातच त्यांची सगळी गानविद्या होती.

ती त्यांना मिळाली दौंडला. पोरवयात ते तिथं एका उस्तादाच्या हाताखाली मोटारी भरायला शिकत होते. शेजारच्या खोलीत रेल्वेतून निवृत्त झालेला एक गार्ड राहायचा. नोकरीत असताना गावोगावच्या मैफलींना जाऊन त्यानं गाणी टेप करून आणली होती, ती तो दिवसभर लावायचा. एके दिवशी आप्पा एकतीस, बत्तीस, तेहतीस असं मोजत होते आणि भिंतीपलीकडून एक तान आली. तेहतीसच्या पुढं काय येतं ते आप्पांना आठवेना. उस्तादानं अख्खी कॉइल सोडवून परत घालायला लावली आणि वर कानाखाली दिली ती वेगळीच. "तवापास्नं माझी ही कसोटी हाय," आप्पा सांगायचे. "मोजताना आकडा चुकला की समजायचं, गाणं चांगलं. मान हालवणाऱ्याचं काय सांगू नका. मान तर पंख्याचीबी हालती."

पुढं गार्ड गावी परत निघाला तेव्हा कॅसेटींची एक पेटी आप्पांना देऊन गेला. आप्पांनी त्या कॅसेटी पोरांकडून कॉम्प्युटरवर, तिथून पेन ड्राइव्हवर आणि मेमरी कार्डवर चढवून घेतल्या. गवयाचं नाव मात्र ते कुणाला आधी सांगत नसत. "नाव सांगितलं की माणूस नावालाच वा म्हणतो," हे त्यांचं म्हणणं. म्हणून रेकॉर्डिंगांना त्यांची स्वतःची नावं होती. एका यमनात श्रोत्यांतला कुणीतरी ऐन जागी खोकला होता, ते 'खोकल्याचं यमन'. मांडवाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता ते 'पत्र्याचं मल्हार'. एका मारव्यात मागून रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, त्याला ते 'दौंडचा मारवा' म्हणायचे, आणि गवई त्या शिट्टीच्या सुराला सूर लावून गेला होता असं शपथेवर सांगायचे.

दुकानातल्या एका लांबलचक वहीत मोटारींची माहिती असायची. नाव, किती हॉर्सपॉवर, किती वेटोळी, तार कुठल्या गेजची, आणि त्याच ओळीत शेवटी त्या माणसाला दिलेलं रेकॉर्डिंग. 'थोरात, झेंडूवाले, पाच एचपी, भूप, चौदा मि.' गाणं लागू पडलं तर बरोबरची खूण, नाही पडलं तर फुली. फुली पडली की आप्पा अस्वस्थ व्हायचे. मग मोटार चांगली चालत असली तरी ते थोरातांच्या मळ्यावर जाऊन बांधावर बसायचे आणि फुलं तोडायला किती वेळ लागतो, वारा कुठून येतो, बायका काय बोलतात ते बघून यायचे.

सगळ्यांत गाजली ती शिरूरच्या वाटेवर जीप चालवणाऱ्या नानाची गोष्ट. त्याला आप्पांनी पहिल्यांदा एक द्रुत तराणा दिला. दोन दिवसांत जीपमधल्या बायाबापड्या दुकानात हजर. "आप्पा, त्या नानाला काय दिलंय तुम्ही? आमच्या पाट्या टपावरनं उडाल्या." आप्पांनी तातडीनं तराणा काढून घेतला आणि एक विलंबित ख्याल घातला. आता नाना इतका हळू चालवायला लागला की माणसं मधेच उतरून मागनं येणाऱ्या एसटीत चढायला लागली. शेवटी आप्पा स्वतः तीन दिवस जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून शिरूरला जाऊन आले आणि मध्यलयीतला एक झपताल नानाला बरोबर बसला. वहीत आप्पांनी लिहिलं, 'नाना, जीप, झपताल, चाळीसच्या स्पीडला.'

त्यांच्याच आळीतले काही जण त्यांना म्हणायचे, "आप्पा, आपण ढोलकीवर वाढलेली माणसं. हे काय आपलं न्हाई." आप्पांचे वडील जलशात ढोलकी वाजवायचे, त्याचा आप्पांना अभिमान होता. पण ते चिडायचे नाहीत, हातातली तार पुढं करायचे. "ह्या तारंला कळतं का, मोटार कुणाच्या हिरीवर बसणार हाय? करंट आला की ती फिरती. तुला करंट बसला का न्हाई तेवढं सांग." माणूस कुरकुरत का होईना, कार्ड घेऊन जायचा.

वर्षभरात मला वाटायला लागलं की हे शास्त्र आता मलाही जमलं. माझे सासरे भांडगावला. त्यांच्या बारा म्हशी. जावई जनावरांचा माणूस म्हणून त्यांनी विचारलं, दूध वाढायला काय करावं? मी थाटात गोठ्यात स्पीकर बसवला आणि दौंडचा मारवा लावून आलो, चांगला पाऊण तासाचा. आठवड्यानं सासऱ्यांचा फोन आला. आवाज घोगरा. "जावईबापू, म्हशीला काय फरक न्हाई. पण मला रोज रडू येतंय. बंद करू का चालू ठिऊ?" मी धावत आप्पांकडे. आप्पा माझ्यावर तेव्हा चिडले तसे पुन्हा कधी चिडले नाहीत. "म्हशीनं मागितलं होतं का? ज्याच्या हातात धार हाय त्याला काही इचारलं का तुम्ही? संध्याकाळच्या टायमाला एकट्या माणसाला मारवा दिला?" सासूबाई जाऊन तेव्हा सहा महिनेच झाले होते. मला ते सुचलंच नव्हतं आणि मला खरोखर लाज वाटली. मग थोड्या वेळानं आप्पाच म्हणाले, "बंद नका करू म्हणावं. पण आठवड्यातनं एकदाच. बाकी दिवस हंसध्वनी द्या."

असा हा सगळ्या तालुक्याला गाणं लावणारा माणूस घरात मात्र हरला होता. वहीत सर्वांत जास्त फुल्या एकाच नावापुढं होत्या. ते नाव होतं 'मंडळी'.

मंडळी म्हणजे त्यांची बायको, आम्हा सगळ्यांची सुमनमावशी. रोज संध्याकाळी मावशी चुलीपुढं भाकरी थापायला बसली की आप्पा दुकान बंद करून स्पीकर उचलून आणायचे, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे आणि उंबऱ्यावर बसायचे. "आज हे ऐक." गाणं संपेपर्यंत ते मावशीच्या पाठीकडे बघत राहायचे. मावशीची पाठ काही सांगायची नाही. संपलं की विचारायचे, "कसं हाय?" मावशी तवा उतरवता उतरवता म्हणायची, "बरं हाय. पण मला न्हाई आवडत. दुसरं काय असंल तर बघा." आप्पा वही उघडून फुली मारायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसरं शोधायला लागायचे. हे किती वर्षं चाललं असेल ते वहीच्या जाडीवरून समजत होतं. मी एकदा म्हणालो, "आप्पा, नसेल त्यांना आवड. सोडून द्या." तर म्हणाले, "अवं, नानाच्या जीपला बसलं, भांडगावच्या गोठ्यात बसलं. घरच्या मान्साला लागंल असं एक गाणं सापडंना, मग मी काय केलं आयुष्यभर? तारच गुंडाळली की नुसती."

बायको तिच्या नोकरीच्या गावी असायची, त्यामुळं त्या वेळी मी बऱ्याचदा तिथंच जेवायचो. मावशीच्या हाताला चव होती, पण अंदाज नव्हता. तिघांना सहा भाकरी पुरायच्या तिथं कधी नऊ व्हायच्या, कधी दहा. उरलेल्या ती मला कागदात गुंडाळून द्यायची किंवा दारातल्या कुत्र्याला घालायची. ते कुत्रं इतकं सुटलं होतं की त्याला उठून भुंकायचाही कंटाळा यायचा. आप्पा चेष्टा करायचे, "मी तार मोजून घालतो, हिला भाकरी मोजता येईना." मावशी पदरात हसायची. मी पोटभर जेवून घरी जायचो. मलाही काही कळलं नाही.

गेल्या थंडीत आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा ते डोळे मिटून पडले होते आणि बोटानं चादरीवर वेटोळी मोजत होते. मला म्हणाले, "डॉक्टर, मंडळीचं राहून गेलं बघा." मी डॉक्टर नाही हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं होतं, त्या दिवशी नाही सांगितलं. "पेटीत अजून बऱ्याच कॅसेटी हायत. एखादं बघा तिच्यासाठी. कायतरी असंलच." मी हो म्हणालो. चौथ्या दिवशी आप्पा गेले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आप्पांचा मुलगा बाहेरगावी त्याच्या नोकरीवर परत गेला. मी महिनाभर कॅसेटी ऐकत होतो. एवढ्या काळजीनं मी परीक्षेचा अभ्यासही केला नव्हता. मावशीच्या हातात काय असतं? परात, पीठ, तवा. वेळ कुठली? संध्याकाळची. एकटं माणूस, म्हणजे मारवा नाही. शेवटी तीन रेकॉर्डिंगं निवडली आणि एका संध्याकाळी गेलो. मावशी बाजरीचं पीठ मळत होती. मी स्पीकर खिडकीत ठेवला, उंबऱ्यावर बसलो आणि पहिलं लावलं. तिची पाठ तशीच होती. थापण्याचा आवाज मात्र थोडा अडखळला असं मला वाटलं.

पाच-सात मिनिटं झाली असतील. मावशी मागं न बघता म्हणाली, "आता खोकंल बघा त्यो."

आणि रेकॉर्डिंगमधला माणूस खोकला.

 एवढं निवडून कार्ड भरताना मी चुकून खोकल्याचं यमनच भरून आणलं होतं. मावशी म्हणाली, "ह्याच्या पुढं गडी लई गोड वर चढतो. बंद करू नका."

"मावशी, तुम्हाला तर आवडत नव्हतं," मी म्हणालो.

"कोण म्हणलं?"

"तुम्हीच. रोज."

मावशीनं हाताचं पीठ झाडलं. "माझ्या भाकरी कवा मोजून झाल्या का, सांगा की. नऊ व्हायच्या, धा व्हायच्या. त्यास्नी तारंचा आकडा चुकलेला कळायचा, भाकरीचा कवा कळला न्हाई." मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आवडलं म्हणले असते तर संपलंच असतं. वहीत खूण करून गेले असते थोराताच्या बांधावर. न्हाई आवडत म्हणलं तर रोज सांजच्याला नवं काढून आणायचे, माझ्यासाठी. हितं उंबऱ्यावर बसायचे. सुखासुखी कोण सोडंल ते?" तिनं पदरानं डोळे पुसले, त्यामुळं गालाला पीठ लागलं. "पर एकदा सांगाया पायजे होतं. आता दोन भाकरी होत्यात. रोज बरोब्बर दोनच होत्यात."

 मी उठून दुकानातून वही आणली आणि तिच्यासमोर पान उघडून धरलं. मंडळी, मंडळी, मंडळी, आणि पुढं फुल्याच फुल्या. मी खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "यातल्या कुठल्या खोडू?"

मावशीनं चष्मा लावला. बोट फिरवत, ओठ हलवत, पान उलटून उलटून तिनं सगळी यादी वाचली. यमन संपून दुसरं गाणं लागलं तरी तिचं वाचन चाललंच होतं. शेवटी म्हणाली, "समद्या खोडा. फक्त ही आन् ही ऱ्हाऊ द्या. ही दोन गाणी लईच रटाळ होती."

मी खाली बसून खुणा करत राहिलो आणि ती परत भाकरी थापायला लागली. निघताना तिनं माझ्या हातात कागदाचं पुडकं दिलं, जड होतं. घरी येऊन मी ते उघडलं आणि मोजल्या. नऊ भाकरी होत्या.