खंडेनवमीला रंगवलेली करवत

नवऱ्याची नोकरी गेली त्या वर्षी आमच्या घरात लाल रंगाच्या जुन्या करवती येऊ लागल्या. हातानं ओढायच्या नव्हेत, पेट्रोलवर चालणाऱ्या, जंगलात झाडं पाडायच्या चेनसॉ. २०१७च्या सुमाराची गोष्ट. आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. झाड म्हणाल तर बाल्कनीत कढीपत्त्याचं एक, आणि तेही दर हिवाळ्यात मरायला टेकलेलं. तरी नवरा जुन्या बाजारातून काहीतरी गंजकं, तेलकट उचलून आणायचा आणि थेट खाली केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आमच्या खोलीत, नेऊन ठेवायचा.

"घरात भाजी चिरायला एक धड सुरी नाही," मी म्हणायचे, "आणि तू करवती जमव."

तो हसायचा नाही. माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, पण पूर्वी तो त्यावर हसायचा तरी.

त्या सगळ्या एकाच स्वीडिश कंपनीच्या होत्या. तिचा इतिहास मला इतक्या वेळा ऐकावा लागला की आजही पाठ आहे. नदीकाठच्या एका गावात कापडाची गिरणी होती. पुढे तिथेच लाकूडकामाची यंत्रं बनू लागली आणि महायुद्धानंतर कधीतरी ही लाल चेनसॉ आली. जंगलातली माणसं तिच्यावर जीव टाकायची म्हणे. मग एका मोठ्या कंपनीनं ही कंपनी विकत घेतली, गावातला कारखाना बंद झाला आणि नाव तेवढं दुसऱ्याच्या यंत्रांवर लागत राहिलं. इथे पोचला की नवरा थांबायचा. त्याची कंपनी गाड्यांच्या गिअरबॉक्सचे भाग बनवायची. तीही अशीच विकली गेली होती. फाटकावरची पाटी तीच राहिली आणि त्याचा सबंध विभाग घरी बसला. मी मुद्दाम भाजीत मीठ कमी आहे का विचारायचे, कारण पुढचं बोलणं मला सहन होत नसे.

पंचेचाळिशीतला माणूस, जर्मन अजून अडखळणारं. अर्ज करून करून थकला आणि मग अर्ज करणंच थांबलं. आधी दाढी करणं सुटलं, मग मित्रांचे फोन घेणं, मग आमच्याबरोबर जेवायला बसणं. मी सकाळी ऑफिसला जाताना तो केलरमध्ये आणि परत येताना केलरमध्येच. मला भीती वाटायची. कसली ते मी स्वतःशीही नीट बोलले नव्हते.

मग हार्ट्सच्या डोंगराकडच्या एका शेतघरातून त्याला ती मिळाली. कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या मॉडेलपैकी एक. मला ती बाकीच्यांसारखीच मळकट दिसली. तो मात्र तिच्यासमोर उकिडवा बसून मला समजावत राहिला. मूळ रंग जागेवर आहे, कंपनीच्या नावाचं स्टिकर शाबूत आहे, एकही स्क्रू बदललेला नाही. अशी वस्तू जशी आहे तशीच ठेवायची. पुसायची तेवढी, घासायची नाही आणि रंग तर कधीच लावायचा नाही. जुन्या वस्तू जमवणाऱ्या या लोकांत मळाला दागिन्याचा मान असतो हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे भांड्याला काळा डाग दिसला तर सासूबाई मोलकरणीला परत बोलवायच्या.

हॅनोव्हरच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाला त्यानं फोटो पाठवले. त्या गृहस्थांचा लगेच फोन आला. मी स्वतः येऊन बघतो, म्हणाले. आणि ती फोटोत दिसते तशीच असली, तर त्यांच्या मंडळींच्या वार्षिक ट्रेफेनला, म्हणजे मेळाव्याला, ती मधोमध ठेवायची आणि माझ्या नवऱ्यानं तिच्यावर चार शब्द बोलायचे.

नवऱ्यानं केस कापले. भाषण लिहून लेकीसमोर म्हणून दाखवलं. ती त्याच्या चुका काढायची, तेही जर्मनमध्येच, आणि तो ऐकायचा. एके दिवशी ताटावर बसून त्यानं दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. वाटलं, आला हा परत.

सासरे तेव्हा आमच्याकडेच होते. मीच बोलावून घेतलं होतं, लेकाशी काहीतरी बोला म्हणून. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचा जन्म गेला. बोलण्यात ते लेकाहून कंजूष. केलरमध्ये त्याच्याशेजारी स्टुलावर बसायचे, स्पॅनर हातात द्यायचे, चहाची वेळ झाली की वर यायचे. त्या चेनसॉला रंग लावत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगावं लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

खंडेनवमीला मी ऑफिसात होते, लेक शाळेत, आणि नवरा ट्रेफेनसाठी बूट आणायला बाहेर गेलेला. सासऱ्यांच्या कारखान्यात खंडेनवमीला मशिनं घासूनपुसून, नवा रंग देऊन, हळदकुंकू आणि झेंडू वाहून पूजायची पद्धत. आयुष्यभर त्यांनी ते केलं होतं. चेनसॉच्या टाकीचं झाकण खिशात घालून ते एकटेच बाउमार्क्टमध्ये, रंग-हत्यारांच्या मोठ्या दुकानात, गेले. जर्मनचा एक शब्द येत नसताना डब्यांच्या झाकणांना ते झाकण लावून बघत तोच रंग मिळवून आणला, पॉलिश पेपर आणला, थिनर आणलं.

संध्याकाळी आम्ही सगळे खाली उतरलो तेव्हा ती पाटावर होती. लालभडक, चकचकीत. स्टिकर खरवडून काढलेलं, त्या जागी कुंकवाचं स्वस्तिक. मी उन्हाळ्यापुरते बाल्कनीत लावलेले झेंडू वाहिलेले. सासरे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभे होते.

"उद्या पाहुणा बघायला येणार ना," ते म्हणाले. "म्हटलं, नवीकोरी दिसली पाहिजे."

लेक एकदाच "ओपा!" म्हणाली; आजोबांना ती अशीच जर्मनमध्ये हाक मारायची. मी नवऱ्याकडे बघितलं. आता हा फुटणार, या तयारीनं मी लेकीचा हात धरला.

तो पुढे झाला. वाकून त्यानं वडिलांच्या पायांना हात लावला.

"छान झालीय, बाबा," तो म्हणाला.

आम्ही आरती केली. पेढे खाल्ले.

रात्री मी त्याला म्हटलं, उद्याचं रद्द कर. राहू दे, म्हणाला, ते सकाळी लवकर निघतीलही. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, हॅनोव्हरचे गृहस्थ आले. सभ्य माणूस. त्यांनी चेनसॉकडे हात नेला आणि टेकायच्या आधीच मागे घेतला. "शाडं," म्हणाले. वाईट वाटलं, इतकाच त्याचा अर्थ. माझ्या हातचा चहा घेतला, सासऱ्यांना नमस्कार केला आणि गेले. सासरे दारापर्यंत पोचवायला गेले होते.

त्यानंतर नवरा केलरमध्ये गेला नाही. तिथे जात होता ते बरं होतं असं वाटायची वेळ आली. सोफ्यावर बसायचा, टीव्ही बंद असायचा. वडिलांशी मात्र इतकं गोड बोलायचा की मला ऐकवत नसे. बाबा, चहा घ्या. बाबा, शाल देऊ का. मी आतल्या आत जळत होते, आणि जळायचं कुणावर हेही कळत नव्हतं. ज्यानं जीव लावून रंगवलं त्याच्यावर, की ज्यानं जीव लावून गिळलं त्याच्यावर?

सासऱ्यांचं परतीचं विमान फ्रँकफर्टहून होतं. नवरा गाडीतच थांबला आणि मी त्यांना आत घेऊन गेले. सामान काउंटरवर देऊन झाल्यावर आम्ही बाकावर बसलो.

"पोरी, ते मशीन मी बाद केलं ना?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा, असं काही नाही."

"मला नको सांगूस. टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढलीत. इन्स्पेक्टर आम्ही बनवलेला जॉब रिजेक्ट करतो तेव्हा त्या पाहुण्यासारखाच हात काढून घेतो." ते आपल्या तळव्यांकडे बघत होते. "त्याचं मला काही नाही. चूक झाली, त्यानं चार शिव्या दिल्या असत्या, मी ऐकल्या असत्या. लहानपणी त्याच्या पतंगाला मी नुसता हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचा. दोन दोन दिवस जेवायचा नाही. आणि आता मी एवढं केलं, तर माझ्या पाया पडला."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"एवढा संपलाय का गं तो?"

ते उठले, पासपोर्ट वरच्या खिशात आहे ना ते चाचपलं आणि रांगेत जाऊन उभे राहिले. मागे वळून बघितलं नाही.

गाडीत नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. बाबा नीट आत गेले का, त्यानं विचारलं. हो म्हटलं. मग मला राहवलं नाही.

"ओरड ना एकदा," मी म्हटलं. "माझ्यावर ओरड. काच फोड. काहीतरी कर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दुःखानंही नाही. पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"कशाला?" तो म्हणाला, आणि माझा पट्टा लागलाय का ते बघून त्यानं गाडी सुरू केली.