बबनकाकांचा फ्लेक्स

परवा पंचवटीत एका लग्नात एक गृहस्थ भेटले. "तुमची आई आधी आमदार, मग न्यायाधीश... म्हणजे सगळं सेटिंगच की," असं जिलबी खाता खाता म्हणाले. लग्नघर होतं म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

नव्वदच्या दशकात आई नाशिकमध्ये वकिली करता करता आमदार झाली. एकच टर्म. पुढच्या निवडणुकीत सपाटून आपटली, मग पक्षाचा राजीनामा दिला, पुन्हा काळा कोट चढवला आणि जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसली. मी तेव्हा कॉलेजात... आम्ही दोघी एकाच टेबलावर घोकायचो. सेटिंग म्हणे!

ती पास झाली, परजिल्ह्यात नेमणूक मिळाली. रुजू व्हायच्या आधीच बबनकाकांनी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. काका म्हणजे आईचे सगळ्यात जुने कार्यकर्ते, प्रचारातला पहिला हार कायम त्यांच्याच मळ्यातल्या फुलांचा. फ्लेक्सवर हात जोडलेली आई, मागे पक्षाचा रंग, खाली शुभेच्छुकांची रांग. संध्याकाळी ढोल आणि गुलालही ठरला होता... ताई जणू निवडूनच आल्या!

आईचा चेहरा खर्रकन उतरला. कुणी तक्रार केली असती तर नेमणूक लटकली असती, ते होतंच. पण उद्या विरोधी पक्षाचा माणूस तिच्यासमोर उभा राहिला तर त्याने कशाच्या भरवशावर उभं राहायचं, हे तिला जास्त खात होतं.

तिने काकांना बोलावून फ्लेक्स काढायला सांगितलं. काका अडून बसले. "ताई, आपलं माणूस खुर्चीवर बसलं, आम्ही नाय नाचायचं तर कोणी नाचायचं?"

"बबन, आता मी तुमची नाही. कोणाचीच नाही."

आणि साडीचा पदर खोचून भर चौकात स्वतः शिडीवर चढली. दोऱ्या कापल्या. लोक म्हणाले, बाई माजली. म्हणोत! काकांनी फ्लेक्स गुंडाळून काखेत मारला आणि जे गेले ते गेलेच. घरी आल्यावर आई जेवली नाही. पण निर्णय बदलला नाही.

काही वर्षांनी माझ्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी एकटीच त्यांच्या मळ्यावर गेले. धाकधूक होतीच. काका शेडमध्ये शेवंती निवडत बसले होते. छपरावर ताडपत्रीच्या जागी कसलंतरी पांढरं कापड... आत जाऊन वर बघितलं, तर आई हात जोडून हसत होती. पक्षाचा रंग, शुभेच्छुकांची नावं, सगळं कापून टाकलेलं. नुसती आई.

काका मान खाली घालून फुलं निवडत राहिले.

"बाहेरून कोणाला दिसत नाय," ते म्हणाले. "ताईंचा शब्द मोडला नाय मी."

तर जिलबीवाले साहेब, आमचं सेटिंग हे असं आहे. बबनकाका, तुमचे उपकार कसे फेडू...