भोवऱ्याचा घोडा

लेकीला घोड्यांच्या प्रदर्शनात उतरायचं होतं, म्हणून लष्कर मोहल्ल्यात घोडा बघायला गेलो. आठवलं की अजून डोकं तापतं. कडक जमिनीवर लंगड लपत नाही, म्हणून मी म्हटलं, "डांबरी रस्त्यावर पळवून दाखवा." विकणारा मऊ वाळूवरून हलेना. पण सोबतच्या काकांनी घोड्याच्या कपाळावरचा केसांचा भोवरा पाहिला आणि चक्क हात जोडले.

"शुभलक्षणी आहे रे! पाय काय बघतोस?"

काकांपुढे घरात कोणाचं चालतंय? घेतला घोडा. दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर लंगडला. विकणारा निर्लज्जपणे म्हणाला, "तुमच्याच काकांनी पारखला ना?"

तणतणत काकांकडे गेलो, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून निघालेले. त्याच विकणाऱ्याने त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर आणखी एक घोडा पारखायला बोलावलं होतं.