तिसांतली एक गोगलगाय

मुलांच्या दवाखान्यात तिला सगळे मासेमावशी म्हणत. खरं तर ते काम तिच्या नवऱ्याचं. अठरा वर्षं त्यानं ठिकठिकाणच्या माशांच्या टाक्या सांभाळल्या. मग मणका सरकून तो अंथरुणाला खिळला आणि बादल्या, नळ्या, मिठाची पोती सगळं हिच्या गळ्यात पडलं. गोड्या पाण्याचे मासे तिला जमले. खाऱ्या पाण्याची मात्र पहिल्यापासून धास्ती. नवरा म्हणायचा, "गोडं पाणी चूक पोटात घालतं, खारं पाणी तोंडावर फेकतं."

दवाखान्यातली टाकी खारी होती. उन्हं वाढली तसं तिच्यात शेवाळ माजलं. दगडांना हिरवे केस फुटल्यासारखे दिसू लागले. मावशी घासून घासून थकायची, आठ दिवसांत पुन्हा येरे माझ्या मागल्या. औषध टाकावं तर मासेच दगावायचे. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, मुलं आजारी, त्यात टाकीही आजारी. महिनाभर बघू, नाहीतर काढून टाकू."

"समुद्री गोगलगायी सोड," नवऱ्यानं सुचवलं. "शेवाळ हेच त्यांचं जेवण. रात्रंदिवस चरतात."

व्यापाऱ्याकडून तीस गोगलगायी आल्या. गुरुवारी मावशीनं त्यांच्या पिशवीत तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी सोडलं, त्यांना सवय होऊ दिली आणि एकेक उचलून दगडावर ठेवली. भोवती जमलेल्या पोरांना तिनं बजावलं, "यातली एखादी उलटी पडली तर तिला सरळ होता येत नाही. तशीच मरते बिचारी." शेवटची जरा वेगळी निघाली. लांबट, निमुळती, अंगावर तपकिरी जाळीची नक्षी. "काय रूप घेऊन आलीस गं," म्हणत तिनं ती तळहातावर घेतली, अंगठ्यानं पुसली आणि वाळूवर सोडली.

शनिवारी सकाळी चहा देताना तिनं हे सहज नवऱ्याला सांगितलं. त्याची बशी हातातच थांबली.

"तोंड कसं होतं तिचं? गोल?"

"नाही. लांब चीर होती, अशी वरपासून खालपर्यंत."

तो कोपरावर उठायला गेला आणि कळवळून पुन्हा आडवा झाला. "अगं, ती शेवाळ खात नाही. विषारी काटा मारते. मासा जागच्या जागी लुळा पडतो. त्यांच्यातल्या काही जाती तर माणसालाही सोडत नाहीत."

 स्वतःचा हात मावशीला आठवलाही नाही. तिच्या डोळ्यांपुढे आलं ते टाकीचं झाकण. खाणं टाकायच्या खाचेवरची त्याची फळी सैल झालेली, आणि पोरं बाकावर चढून त्या खाचेतून बोटं बुडवतात. त्यात शनिवार, सगळ्यात गर्दीचा दिवस. दवाखान्याचा फोन लागेना. पायात चप्पल सरकवून ती धावत सुटली.

ती दारात पोचली. पाचसहा वर्षांची एक मुलगी बाकावर उभी होती. बाही वर सारलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात.  मावशीनं झेप घेऊन मुलीला कमरेला धरून मागे ओढलं. मुलीच्या मुठीत गोगलगाय होती.

गोल होती.

"ही उलटी पडली होती," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, मरते म्हणून."

मावशीनं तिची बोटं एकेक करून तपासली. मग तशीच आत गेली आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. काम जाईल हे तिला दिसत होतं, पण लपवायची छाती नव्हती.  बाईंनी सगळी मुलं, आया, बाप यांना बाहेरच्या पडवीत हलवलं आणि दार लावून घेतलं.

खोलीत मावशी एकटी, हातात लांब चिमटा, कानाशी फोन.

"किती सापडल्या?" नवरा विचारत होता.

"एकोणतीस. ती नाही. अहो, बाहेर तर पडली नसेल?" बाकाखाली, चपलांच्या घडवंचीखाली, खेळण्यांच्या टोपलीत ती रांगत रांगत बघून आली. कुठेच नाही.

"वाळूत बघ. ती पुरून घेते. नुसती सोंड वर असते."

दगडाच्या आडोशाला एक बारीक नळी हलली. तिच्या शेजारी पिवळा मासा बसला होता, काहीच माहीत नसल्यासारखा. मावशीनं चिमटा लावला. शंख निसटला, वाळू उसळली, पाणी गढूळ झालं. गाळ खाली बसेपर्यंतची पाच मिनिटं तिला जन्मभराची वाटली. दुसऱ्या खेपेला पकड बसली. बरणीचं झाकण घट्ट लागलं तेव्हा कुठे तिला आपला गुरुवारचा तळहात आठवला, आणि तिनं तो पदराला घासून घासून पुसला.

महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या मास्तरांनी बरणी उजेडात धरून पाहिली. "मासे मारणाऱ्यांतलीच आहे," ते म्हणाले. "हिनं तुम्हाला का सोडलं, ते मला सांगता येणार नाही."

"गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात," घरी नवरा तिला हसवायला म्हणाला. मावशीला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला काढलं नाही. झाकणाला कुलूप मात्र लावून घेतलं. उरलेल्या एकोणतीस जणींनी महिन्याभरात दगड खरवडून लख्ख केले. पोरं आता काचेला नाक लावून त्यांच्या मागे बोट फिरवतात. मावशी दर गुरुवारी येते, कुलूप उघडते आणि पाण्यात हात घालण्याआधी बराच वेळ नुसती वाळूकडे बघत उभी राहते.