दुपारची शाळा

माझी सगळी नोकरी सरकारी शाळांत गेली, त्यामुळे "तुम्हीच ठरवा" हे शब्द वरच्या साहेबांच्या तोंडून ऐकायची मला सवय नव्हती. हिंदी मुलखातल्या भैरवगढच्या एका शाळेत मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. जिल्ह्याचे साहेब आले, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेले म्हणून चांगले उशिरा, आणि चहा पिता पिता म्हणाले, "मैडम, अब स्कूल आपका। टाइम आप तय करो, पढ़ाने का ढंग आप तय करो। बस, रिज़ल्ट भी आपका।" करार साधा होता. वर्षाच्या शेवटी पेपर जिल्ह्याहून येणार, जेवढी मुलं पेपरला बसतील त्यांच्या गुणांची सरासरी काढणार, आणि ती आधीच्या वर्षापेक्षा खाली आली तर दिलेली मोकळीक काढून घेणार.

मी हरखूनच गेले. ऑटो नानाखेड्याला घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात अर्धी शाळा बदलून झाली होती. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, कुठल्याही कागदाची आधी मागची बाजू वाचणारे. सगळं ऐकून म्हणाले, "हुरळली मेंढी! अगं, शाळा तुझी म्हणतायत, पण चाबी कोणाच्या जेबमध्ये आहे?"

"अहो, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत गडबडच दिसते," मी म्हटलं आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

काय बदलायचं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमची शाळा सकाळची. आणि आमच्या वस्तीत घरोघरी कापडावर ठसे मारायचं आणि रंगवायचं काम. रंगवलेलं कापड पहाटे नदीवर धुवायचं, काठावर उन्हात पसरायचं, आणि ते वाळेपर्यंत त्यावरून गाय-कुत्रं जाणार नाही हे बघत कोणीतरी बसायचं; 'कपड़े पे बैठना' म्हणतात त्याला तिथे. ते कोणीतरी म्हणजे घरातली मुलगी. दुपारी कापडाच्या घड्या झाल्या की ती मोकळी, आणि नेमकी तेव्हाच शाळेची घंटा व्हायची सुटीची. किती वर्षं आम्ही शिक्षक त्यांच्या घरी जाऊन आयांना शिक्षणाचं महत्त्व सांगत होतो. गाईंना सांगून आलो असतो तर काही उपयोग तरी झाला असता.

मी शाळा दुपारची केली. शिक्षकांनी तोंडं वाकडी केली, उन्हाचं कारण सांगितलं. पण मुलींच्या आयांनीच ठसे चुकलेलं, बाद झालेलं कापड आणून दिलं, ते ओलं करून आम्ही खिडक्यांना लावलं. वर्गात लाल-काळा उजेड पडायचा. आणि मुली आल्या. मनगटापर्यंत रंगलेले हात घेऊन, ओल्या ओच्यांनी, जेवणाचा घास तोंडात असतानाच पळत आल्या.

त्यातली एक मला अजून दिसते. वयाने सहावीत शोभणारी, नाव चौथीत, अक्षरओळख शून्य. हट्टी इतकी की मला आवडलीच. दिवाळीनंतर तिला वाचायचं वेड लागलं आणि मग गावातली एकही भिंत तिने सोडली नाही. मी ऑटोतून उतरले की ती शेजारून चालत चालत मोठ्याने वाचायची, "य-हाँ थू-क-ना म-ना है।" वाचून झालं की थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. शाबास म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची नाही. मला शाळेत पोचायला उशीर व्हायचा, पण मी म्हणायचे.

परीक्षा जवळ आली तेव्हा आमच्यातले एक तरुण सर माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, "मैडम, जो नई लड़कियाँ आई हैं, उनको पेपर के दिन मत बुलाइए। जो बैठेगा नहीं, वो गिनती में आएगा ही नहीं। सब जगह यही होता है।"

मी भडकले. "साल भर घर जा-जाकर बुलाया, और उस दिन कहूँ कि मत आना? किस मुँह से?"

"मैं स्कूल बचाने की बात कर रहा हूँ," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. ते वाईट नव्हते, मुलींना जीव लावून शिकवत होते, आणि हिशेब त्यांचा चुकला नव्हता. मलाही तो कळत होता. आधीच्या वर्षांत ज्यांना येत नाही ते यायचेच नाहीत, म्हणून सरासरी बरी दिसायची. आता ते आले होते. पण कापड बाद करतात तशा मुली बाद करायच्या हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मी सगळ्यांना बसवलं. आजही बसवीन.

पेपर सुटला तशी ती भिंती वाचणारी माझ्याकडे धावत आली. "मैडम, मैंने दो लिख दिए! पूरे दो सवाल!" मी तिच्या पाठीवर थाप मारली. मला खरंच आनंद झाला होता, आणि त्याच क्षणी मनात सरासरीचा हिशेबही सुरू झाला.

सरासरी घसरली. साहेब पुन्हा आले, पुन्हा चहा झाला. मी सांगितलं की हजेरी बघा, वर्ग भरलेत, ज्यांनी कधी पाटी धरली नव्हती त्यांनी पेपर लिहिलाय. ते मान हलवत होते. "मैडम, आपकी बात दिल से समझता हूँ। पर बात रिज़ल्ट की हुई थी।" हाच करार केलेल्या शेजारच्या वस्तीतल्या शाळेने कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी बसवलं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिची सरासरी वर गेली आणि तिची मोकळीक कायम राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी तसं साहेबांच्या तोंडावर हिंदीत बोलूनही दाखवलं. ते दुःखाने हसले आणि त्यांनी मला आदेश दिला. शाळा परत सकाळची.

घरी येऊन मी तो आदेश ह्यांच्या हातात ठेवला. "बघ, मी म्हणत होतो" एवढं तरी म्हणतील अशी माझी अपेक्षा होती, भांडायला बरं पडलं असतं. पण त्यांनी गुपचूप चहा टाकला. त्या दिवशी मला रडू आलं.

वस्तीत निरोप पाठवले होते. काही घरांपर्यंत ते पोचले नसावेत. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी शाळा सुटली, शिक्षक गेले, मी फाटकाला कुलूप लावत होते, तर समोरून ती आली. दप्तर पाठीला, हात लाल, कुर्त्याची कड ओली.

"आज जल्दी छुट्टी हो गई, मैडम?"

मी फाटकाशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. पेंटरने आदल्याच दिवशी तिथे नवी वेळ लिहिली होती. ती पुढे गेली आणि तिने मोठ्याने वाचलं, "शाला का समय, सुबह साढ़े सात से साढ़े बारह।" कुठे अडली नाही, अक्षर तोडलं नाही, थेट बोलल्यासारखं वाचलं. पहिल्यांदाच. मग ती वळली आणि नेहमीसारखी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी शाबास म्हणाले. ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वर्गात हजेरी घेताना मी स्वतः जाऊन बसले. तिचं नाव आलं, आणि खिडकीशी बसलेली एक मुलगी म्हणाली, "वो तो कपड़े पे बैठी है, मैडम।"